शेवटपर्यंत वाच, मग भांड

आरे-वारे, ९ फेब्रुवारी

महरीन,

तुझं पुस्तक पोचलं. माझ्याआधी आनंदीबाईंनी फोडलं. होमस्टे त्यांचा, पत्ता त्यांचा, म्हणजे आलेलं टपालही त्यांचंच, असा त्यांचा कायदा आहे. मुखपृष्ठावर समुद्र, झोपाळा, झोपाळ्यात दोन मुली, एकीच्या डोक्यावर दुसरीची टोपी. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "ह्या दोघी बहिणी काय गो?"

"हो," म्हटलं.

"तोंडवळा नाय मिळत."

"मावसबहिणी आहेत."

बघ, सवय कशी लागते. पुस्तकातल्या मुलींसाठीसुद्धा मी खोटं बोलले.

आत पहिल्या पानावर तुझं गोल गोल अक्षर. 'शेवटपर्यंत वाच. मग भांड.' गणपतीत आपलं वाजलं आणि तू पनवेलला हॉस्पिटलात निघून गेलीस, त्यानंतरचा हा तुझा पहिला शब्द. ना प्रिय, ना तारीख, ना सही. नर्सबाईंनी गोळ्यांच्या पाकिटावर लिहून द्यावं तसं: जेवणानंतर घ्या.

फोन करत नाही. तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी ओरडते असं तुझं म्हणणं. कागदावर ओरडता येत नाही. फार तर पेन दाबता येतं. हे पान उलटं करून बोट फिरव, म्हणजे मला कुठे कुठे राग आला ते कळेल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आलिया घातलंय. तुझ्या फोनमध्ये मी 'आलिया कॉलेज' आहे, तर तुझ्या हॉस्टेलच्या टेबलावरही आलियाच असू दे.

मस्कतचं मला तुझ्या अब्बांकडून कळलं. स्टँडवर पूर्णगडच्या गाडीची वाट बघत होते. "आमची महरीन चालली मस्कतला, ईद झाली की. हॉस्पिटल मोठं हाय म्हणतात. तुला काय, सांगितलंच असंल तिनं."

"हो चाचा, सांगितलं ना," मी म्हटलं. त्यांनी मला लिंबू सरबत पाजलं. मी सगळं प्यायले. त्यात साखर होती की मीठ, आता सांगता येणार नाही.

तर पुस्तक. 'चेक-इन बाराला' हे नाव. मागे छापलंय, दोन मुलींची खळाळती प्रेमकथा, हसून हसून पुरेवाट. आपल्या भाषेत असं पुस्तक निघालं ह्याचाच मला आधी इतका आनंद झाला की मी ते दोन दिवस उघडलंच नाही, नुसतं उशाला ठेवलं. कॉलेजच्या लायब्ररीत आपण कपाटं पालथी घालायचो ना, असं काहीतरी मिळेल म्हणून? जे मिळायचं त्यात एक जण विहिरीत जायची नाहीतर दुसरीचं लग्न व्हायचं. तू शेवटचं पान आधी वाचायचीस आणि पुस्तक परत आत ढकलायचीस. "हिलापण मारली."

ह्यात मुंबईची कायरा आहे. ती कंटाळून कोकणात येते. आणि होमस्टे चालवणारी मुलगी आहे, मोगरा. महरीन, आपल्याकडे कुणाचं नाव मोगरा असतं गं? आमच्या वाडीत राही आहे, ऋतिका आहे, सानवी तर दोन आहेत. मोगरा गाईचंसुद्धा नाव ऐकलं नाही मी.

बरं, असू दे. पण ह्या मोगराच्या होमस्टेमध्ये एकच पाहुणी. संडास कुणी धूत नाही. मोटर जळत नाही, टाकी रिकामी होत नाही, बाथरूमच्या जाळीत वाळू अडकत नाही. मोगरा दिवसभर काय करते? केसात फूल माळते आणि क्षितिजाकडे बघते. मी इथे सकाळपासून चादरी बदलते, पाहुण्यांच्या पोरांना खडकावरून खाली उतरवते, आणि संकष्टीच्या दिवशी खेकडे का नाहीत म्हणून शिव्या खाते. मला क्षितिज आहे हे लोकांच्या फोटोत बघून कळतं.

आणि मोगराला आई नाही. पहिल्याच पानावर वारलेली. कायराची आई परदेशात. दोघींना आई नाही, मग त्यांना अडचण कसली? आई नसती तर मीपण हसून हसून पुरेवाट लावली असती.

वाचतेय. तू म्हणालीस म्हणून शेवटपर्यंत.

राही


आरे-वारे, १७ फेब्रुवारी

अर्ध्याच्या पुढे आले. भांडण शेवटी करायचं असं तू लिहिलंयस, पण मला तेवढा दम कुठला.

दोघी पडतात. सारख्या पडतात. कायरा शेवाळावरून घसरते, मोगराच्या हातात पडते. मोगरा शिडीवरून पडते, कायराच्या अंगावर पडते. मग होडीत चढताना दोघी मिळून पाण्यात. दर वेळी एकमेकींच्या डोळ्यांत बघतात आणि लेखिकाबाई लिहितात की वेळ थांबली. आपण दोघी कधी पडलो का गं? मला तर आठवतं ते असं की आपण फार जपून चाललो. एसटीत शेजारी बसलो तरी मधे दप्तर. तुझ्या ओढणीला हात लागला तर मी उगाच म्हणायचे, "धागा निघालाय."

मग गैरसमज. मोगरा एका मुलाला मिठी मारते, ते कायरा लांबून बघते आणि रुसते. तो असतो मोगराचा चुलतभाऊ. हे कळायला लेखिकाबाईंनी पुस्तकाचा तिसरा हिस्सा घेतला. एकदा तोंड उघडून विचारलं असतं, "कोण गो तो?" तर पुस्तक तिथेच संपलं असतं. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग जाऊन उचलून आणलं. पान दुमडलंय, माझ्यावर ओरडू नकोस.

तू म्हणशील, आपणही विचारलं नाही. मी विचारलं होतं. गणपतीत, खाडीच्या धक्क्यावर, मी तुला सरळ विचारलं होतं की घरी कधी सांगायचं. तू म्हणालीस, "तुला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं." आणि मग आपण दोघीही काय काय बोललो ते लिहीत नाही, तुला पाठ असेल.

कॉलेजचं तू पुन्हा उकरून काढलंस त्या दिवशी, तेव्हा तेही इथेच सांगते. रितेश कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल जे बोलला ते मी अजून तोंडावर आणलेलं नाही, आणणारही नाही. माझ्या हातात डबा होता, म्हणून डबा मारला. माफीचं लिहून द्या नाहीतर कॉलेज सोडा म्हणाले, मी नाही दिलं. तू म्हणतेस, मी घरी निघून आले आणि लोकांच्या नजरा तुझ्या एकटीच्या वाट्याला ठेवल्या. मी म्हणते, मारायलाच हवं होतं. ह्यावर आपलं कधीच जमणार नाही. तो डबा अजून माझ्याकडे आहे. तुझ्या अम्मींचा, ईदला शिरखुर्मा भरून वर आमच्या वाडीत पाठवतात तो, कडेला पोचा आलेला. परत देणार कसा? तुमच्याकडून आलेला डबा रिकामा द्यायचा नाही, आणि भरून द्यायला खाली मोहल्ल्यात यायचं तर कुठल्या तोंडानं.

पुस्तकाबद्दल अजून एक. ह्यात गाव आहे, देऊळ आहे, माडाची बाग आहे, खाडी आहे. खाडीच्या काठाला नुसते माड. मोहल्ला कुठे गेला? मशीद नाही, जाळी विणणारे नाहीत, आखातातून आलेल्या लोकांची रंगीत घरं नाहीत, तुझ्या घरापुढची निळी पत्र्याची शेड नाही. मी पानापानावर तुला शोधत बसले. एक ओळ तरी, एक बुरखेवाली तरी बाजारात मासे घेताना. नाही. कुणाला पाडायचं, कुणाला उचलायचं हे सगळं ठरवलं लेखिकाबाईंनी, पण तुला कुठे ठेवायचं ते सुचलं नाही, म्हणून गावच अर्धं करून टाकलं.

आणि हे पुस्तक तू मला पाठवतेस.

विमान कधी आहे ते सांगू नकोस. मला कळेलच. मी येईन. काय करीन ते मला माहीत नाही, पण येईन.

राही


आरे-वारे, २८ फेब्रुवारी

संपवलं. आता भांडते.

तू शेवट वाचला आहेसच, पण मी माझ्या शब्दांत सांगते म्हणजे तुलाही ऐकू येईल तो कसा आहे. शिमगा. मोगराच्या गावात पालखी नाचतेय. कायरा मुंबईला निघालेली असते, ती अर्ध्या वाटेतून परत येते, गर्दीत घुसते, ढोल थांबवते, माईक घेते आणि गाऱ्हाणं घालते. "हे देवा महाराजा, माझं मोगरावर प्रेम आहे, आमची जोडी अशीच राहू दे रे महाराजा." आणि सगळा गाव एका आवाजात, "होय महाराजा!" गुलाल उडतो. एक म्हातारी दोघींच्या गळ्यात हार घालते. समाप्त.

महरीन, गाऱ्हाणं कोणी घालायचं हे ठरलेलं असतं. आमच्या वाडीत तो मान आप्पांचा, म्हणजे माझ्याच बापाचा. आप्पांच्या आधी आजोबांचा. मुंबईच्या कायराचा नाही, मोगराचाही नाही, माझाही नाही. बायकांनी मागायचं ते कानात सांगायचं आणि आप्पांनी ते देवाला ऐकवायचं. एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नाही, हात जोडलेत तर शेवटपर्यंत न्यायचं. त्यात माईक नसतो.

आणि 'होय महाराजा' म्हणजे काय गाव विचार करून मत देतंय? आप्पा म्हणतात, गुराढोरांना सुखी ठेव. होय महाराजा. मुंबईच्या पोरांना नोकऱ्या दे. होय महाराजा. त्या वेळी मागचे लोक मोबाइल बघत असतात, पोरं बोंब मारत असतात. आप्पांनी मधेच मागितलं की आभाळातून वांगी पडू देत, तरी होय महाराजा. त्या होकाराला ह्या बाईंनी दोघींच्या लग्नाची पत्रिका करून टाकली.

मला हसू आलं नाही. एकदाही नाही. हसवणारं पुस्तक म्हणून हातात घेतलं आणि मी आख्खं पुस्तक दात आवळून वाचलं. ह्यांना कुणाची भीती नाही. कुणी फोनमध्ये दुसरं नाव घालत नाही. कुणाचा भाऊ मोटरसायकल घेऊन मागे येत नाही. कुणाच्या घरी रोजे नसतात, कुणाच्या घरी उपास नसतो. सगळं आधीपासूनच क्षमा केलेलं. असल्या गावात प्रेम करायला काय लागतं?

मला सांग, हे तू मला का पाठवलंस? असं होऊ शकतं म्हणून? की हे फक्त पुस्तकातच होतं, तेव्हा राही, आता पुरे, म्हणून? दुसरं असेल तर तसं लिही. तू सरळ लिहिलंस तर मी कमी ओरडते.

आनंदीबाईंनी पुस्तक मागितलंय वाचायला. "त्या मावसबहिणींचं काय झालं मग?" विचारत होत्या. मी म्हटलं, दोघी सुखात आहेत. म्हणाल्या, "मग एवढं तोंड पाडून काय वाचत होतीस?"

राही


आरे-वारे, ८ मार्च

तुझं पत्र आलं. ह्या वेळी बाईंच्या आधी मी गाठलं पोस्टमनला.

ते मी इतक्या वेळा वाचलंय की आता न बघता इथे उतरवते. चुकलं तर सांग.

'राही, खरं आहे म्हणून मी पुस्तक पाठवलं नाही. मोगरा नावाचं कुणी नसतं हे मलाही कळतं. माझी ड्युटी आयसीयूत असते. खोलीवर आले की झोप येत नाही, तेव्हा दहा-बारा पानं वाचायचे. त्यात कुणी मरत नाही. कुणी कुणाच्या डोक्यात डबा घालत नाही. दोघी नुसत्या पडतात आणि हसतात. मला तेवढंच हवं होतं. मोहल्ला नाही हे मलाही दिसलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग वाटलं, बरं झालं, निदान एका गावात तरी मला कुणी ओळखत नाही. तुला नेहमी खरं हवं असतं. मला कधीतरी सुट्टी हवी असते. मी मस्कतला जाणार. दोन वर्षांचं आहे. तुला सोडून द्यायचं म्हणून जात नाहीये, पण तू ऐकून घेत नाहीस. विमानतळावर येऊ नकोस. तू आलीस की मला जाता येणार नाही, आणि गेले नाही तर मी तुला कधी माफ करणार नाही. ईदला चार दिवस घरी आहे.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बॅग भरली. खरं सांगते. पनवेलची गाडी बघितली. मग मोटर जळली आणि सात पाहुणे साबण लावून उभे होते, तेव्हा विहिरीवरून पाणी ओढता ओढता माझा जोर संपला. संध्याकाळी बॅग रिकामी केली.

तू आयसीयूतून येऊन ते वाचत होतीस हे मला माहीत नव्हतं. तू तसं काही सांगत नाहीस. लायब्ररीत शेवटचं पान आधी बघणारी तू, हे मी विसरले होते.

म्हणून पुस्तक पुन्हा काढलं. आता सुट्टीतल्या बाईसारखं वाचून बघितलं, पाय वर घेऊन, झोपाळ्यात. तरीही ते चांगलं नाही, महरीन. माफ कर, ह्यात मी मागे हटणार नाही. शिडीवरून पडलेल्या माणसाला लागतं. पण होडीत चढताना दोघी पडतात तिथे मला हसू आलं, कारण कायरा पाण्यातून वर येते ती ओरडत येते की माझा चार्जर, माझा चार्जर. तू असतीस तर तूही चार्जरच ओरडली असतीस.

आणि एक पान आहे, मागच्या पत्रात मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. कायरा गेल्यावर मोगरा खोली झाडते, तेव्हा तिला खाटेखाली कायराची केसाची पिन सापडते. पाहुण्यांचं राहिलेलं सामान ठेवायला तिच्याकडे डबा असतो. त्यात ती पिन टाकत नाही. स्वतःच्या केसात लावते आणि पुढची खोली झाडायला जाते. बस, एवढंच. कुणी पडत नाही, वेळ थांबत नाही. लेखिकाबाईंना हे कुठून सुचलं कोण जाणे, पण ते पान खरं आहे.

तुझ्या स्कार्फची मोत्याची पिन माझ्या बॅगच्या पट्ट्याला आहे. सेकंड इयरपासून. तुला वाटलं हरवली. पिन बघून आनंदीबाई म्हणाल्या, "पट्टा फाटलाय काय?" मी म्हटलं हो.

विमानतळाचं मी अजून ठरवलेलं नाही. तू येऊ नको म्हणालीस ते वाचलं. वाचणं आणि ऐकणं ह्यात मला थोडा वेळ लागतो.

परवा शिमग्याला गावी जातेय.

राही


गाव, १४ मार्च

महरीन,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचावं म्हणून उद्या स्वतः रत्नागिरीला जाऊन टाकते. नीट बसून वाच, कारण जे घडलं ते मलाच अजून पटत नाही.

काल उन्हं कलताना पालखी आमच्या दारात आली. घरापुढच्या खळ्यात शेणाचा सडा, आईनं रांगोळी काढलेली, भोयांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. मोहल्ल्याचा नारळ घेऊन तुझे अब्बा दरवर्षीसारखे वर आले होते. रोजा होता, तरी चढ चढून. खळ्याच्या दगडी गडग्याला टेकून उभे होते, घामाघूम. मी पाणी द्यायला गेले आणि अर्ध्या वाटेत जीभ चावली. ते हसले. "ठेव गो. अजान झाली की पितो."

मग आप्पांनी हात जोडले. ढोल थांबला. गुरं, शेत, मुंबईकर, सगळं नेहमीचं झालं. होय महाराजा, होय महाराजा. आणि आई पुढे झाली आणि आप्पांच्या कानाला लागली. दरवर्षी लागते. काय सांगते ते आख्ख्या वाडीला पाठ आहे. आप्पांनी घसा साफ केला. "आणि ह्या घरची जी लेक हाय, तिला औंदा चांगलं..."

"आप्पा, ते नको."

माझ्याच तोंडून आलं. ठरवलं नव्हतं गं. शप्पथ. मी ओरडलेसुद्धा नाही, जेवताना अजून भात नको म्हणावा तसं म्हटलं. पण ढोल थांबलेला, सगळ्यांना ऐकू गेलं.

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून काळंनिळं आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरीला गावचा नको, दुबईचा होवा काय?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांचे हात जोडलेले तसेच, मान नुसती माझ्याकडे वळवली.

"मग काय मागू?"

"मला काय नको. तेवढं तुम्ही मागू नका."

"सुरू केलंय गो मी. आता अर्ध्यावर सोडू?"

मी पालखीकडे बघत राहिले. आई म्हणाली, "अहो, लहान हाय ती, तुम्ही बोला पुढं." पालखी खांद्यावर घेतलेल्यांनी खांदे बदलले. आप्पांना पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हते, आणि सोडायचं तर नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

"बा महाराजा, ह्या घरात एक लेक हाय. ती तापट हाय, तुला ठावं हाय. तिच्या मनात काय हाय ते मला ठावं नाय, तिच्या आयशीला ठावं नाय. तुला ठावं हाय. ते जे काय आसंल ते तू तडीस ने रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि त्यात जो कोण आडवा येत आसंल, मी आसंन, दुसरा कोण आसंल, त्याला तू बुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

महरीन, सगळ्यात मोठा आवाज तुझ्या अब्बांचा होता. दिवसभर पाणी नाही, घसा कोरडा, आणि गडग्याला टेकून त्यांनी असा होकार दिला की भोई वळून बघायला लागले.

मी घरात पळाले. मला रडू येत होतं की हसू ते कळेना, चुलीपुढे बसून दोन्ही केलं. 'चेक-इन बाराला'मधलं ते प्रकरण, ज्याला मी तुझ्याकडे नावं ठेवली, ते माझ्याच खळ्यात झालं. फक्त कुणाला काही कळलं नाही. म्हातारी नव्हती, हार नव्हते. आप्पा पुढच्या घरी गेले. आई अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि ऐक. पालखी गेल्यावर चाचा खाली निघाले, तेव्हा मी आईनं केलेल्या पुरणपोळ्या त्या पोचा आलेल्या डब्यात भरल्या आणि त्यांच्या मागे धावले. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं. "चाचा, इफ्तारला. अम्मींचा डबा राहिलाय माझ्याकडे."

त्यांनी डबा घेतला. कडेवरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याला काय झालं गो?"

"पडला."

"पडला तर बुडाला चेपतो. हा कडेला चेपलाय." त्यांनी डबा फिरवून दुसरी बाजूही बघितली. "तो कॉलेजातला पोरगा. त्याला जास्त लागलं काय?"

"नाही चाचा. टाकेसुद्धा पडले नाहीत."

"अरेरे," म्हणाले, आणि डबा काखेत मारून उतरून गेले.

ह्यातून मी काही काढत नाही. तूही काढू नकोस. आप्पांना माहीत नाही ते कशाला होय म्हणवून घेत होते, अब्बांना माहीत नाही ते कशाला होय म्हणाले. उद्या कळलं तर दोघंही वेगळं बोलतील. तुला सुट्टी हवी असते तेव्हा तू हे पान वाच, एवढ्यासाठी लिहिलंय. हे माझं पडणं-हसणं. ह्यात कुणी मरत नाही.

आता विमानतळाचं. मी येणार नाही. तू जा. दोन वर्षं जा, हव्या तेवढ्या ड्युट्या कर, फोनमध्ये मला आलियाच ठेव. मला हे लिहिताना पेन दाबावं लागलं नाही. बोट फिरवून बघ.

आईला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी एकटीनं ठरवणार नाही. गणपतीत तू तेच म्हणत होतीस, मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

डबा तुमच्याकडे पोचलाय. रिकामा परत पाठवायचा नाही हे अम्मींना सांगायला नको. पण ईदचा शिरखुर्मा ह्या वेळी कुणाच्या हाती पाठवू नका. मी ईदला इथे नाही, सुट्टी शिमग्यात संपली. आरे-वारेला आहे. पुस्तकही तिथेच, आनंदीबाईंच्या उशाला. मी निघाले तेव्हा त्या शेवाळावरच्या प्रसंगाला पोचल्या होत्या आणि खो खो हसत होत्या. मी पुस्तक टपालानं परत पाठवणार नाही. मस्कतला न्यायचं असेल तर येऊन घेऊन जा.

समुद्राकडची खोली मी ईदच्या दिवसासाठी कुणाला दिलेली नाही. चेक-इन बाराला आहे. तू सकाळी आलीस तरी चालेल.

राही